अर्धा किलो रद्दी, बावन्न ताव: घरच्या हातकागदाचा हिशेब

१८ जानेवारी

आज वहीत दोन आकडे लिहिले आणि त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसले. लगदा करून नवीन ताव काढायला भिजत घातलेला कोरडा कागद ५०० ग्रॅम. वाळून हाती आलेले बावन्न ताव मिळून ३९४ ग्रॅम. मग उरलेले शंभर-सव्वाशे ग्रॅम गेले कुठे? लगदा तर मी थेंबही सांडला नव्हता.

टबातलं पाणी रात्रभर हलवलं नाही. सकाळी वरचं पाणी अलगद दुसऱ्या बादलीत ओतलं, तर तळाशी दुधाच्या सायीसारखा पांढरा गाळ बसलेला. चमचाभर गाळ ताटलीत उन्हात वाळवला आणि त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले. लगेच फसफसला. म्हणजे ही खडूची पूड, कॅल्शियम कार्बोनेट. झेरॉक्सच्या कागदात ती पांढरेपणासाठी आणि गुळगुळीतपणासाठी भरलेली असते, वजनाच्या पंधरा ते पंचवीस टक्क्यांपर्यंतही असू शकते. माझ्या साच्याची जाळी मच्छरदाणीची. तिच्यातून ही पूड सहज निघून जाते आणि सोबत बारीक तुटलेले तंतूही नेते. ज्यांचे ताव वजनाला कमी भरतात त्यांनी आधी टबाचा तळ बघावा, हात धुवायची घाई करू नये.

तावांची जाडी वजनावरून जोखायची सोपी रीत सांगून ठेवते. दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर ठेवायचा आणि ग्रॅमला शंभराने गुणायचं. तोच जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. माझे तुकडे १.१ ते १.३ ग्रॅम भरले, म्हणजे ११० ते १३०. बाजारातला साधा ए-फोर ७५ चा असतो.

२५ जानेवारी

आजचा दिवस खर्चाचा. या छंदात आपण “रद्दीचं सोनं केलं” असं म्हणून मोकळे होतो, मला एकदा पै-पैचा हिशेब मांडून बघायचा होता.

मिक्सर ७५० वॉटचा. एका वेळी चाळीस ग्रॅम कागद, पाऊण मिनिट. अर्ध्या किलोला तेरा फेऱ्या, म्हणजे सगळे मिळून दहा मिनिटांच्या आत. वीज लागली ०.१२ युनिट, एक रुपयाच्या आसपास. विजेचा खर्च नाहीच म्हणायला हरकत नाही. मागे लगदा लवकर फुटावा म्हणून दहा लिटर पाणी उकळून घेत होते, त्याला मात्र शंभर ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. तो मी बंद केला. रात्रभर भिजलेला कागद गार पाण्यातही तितकाच मऊ होतो, फक्त थोडा धीर धरावा लागतो.

पाणी बघून वाईट वाटलं. बादल्या मोजल्या: साठ लिटर. किलोला एकशेवीस! आमच्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर सुरू होतात, तिथे हे मला चालणार नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला नवीन पाणी घ्यायचंच नाही असं ठरवलं. ताव दाबताना निथळणारं पाणी परातीत धरलं, टबातलं गाळून तेच पुन्हा मिक्सरला वापरलं. बावीस लिटरांत काम भागलं. शेवटचं पाणी तिसऱ्या दिवशी आंबूस वास मारायला लागलं, तेव्हा दोन दिवसांच्या पुढे ते ठेवायचं नाही.

आणि वेळ. साच्यात लगदा उपसून, हलवून, कापडावर उलटवायला एका तावाला चार मिनिटं. बावन्न तावांना साडेतीन तास. भिजवणं, दाबणं, दोरीवर लावणं धरून पूर्ण रविवार.

आता दुसरी बाजू. हेच अर्धा किलो कागद रद्दीत दिले असते तर सहा रुपये आले असते. तोच कागद गठ्ठ्यातून गोदामात, तिथून वापी किंवा दुसरीकडच्या गिरणीत गेला असता आणि पुठ्ठ्याचं खोकं होऊन परत आला असता. गिरणी पाणी फिरवून फिरवून वापरते, खाली गेलेले तंतूही पुन्हा पकडते. माझ्या मच्छरदाणीपेक्षा ती हे काम कितीतरी चांगलं करते. चांगली कोरडी रद्दी घरी भिजवून मी पर्यावरणाचं भलं करत नाही, उलट व्यवस्थित चाललेल्या साखळीतला माल काढून घेते. हे लिहिताना जड गेलं, पण हिशेब तेच सांगतो.

१ फेब्रुवारी

रद्दीवाल्या काकांशी बोलले. ते आमच्या गल्लीत मी शाळेत असल्यापासून येतात. विचारलं, “काका, तुम्ही काय घेत नाही?”

“चुरा घेत नाही, ताई. मशीनमधून काढलेला. गठ्ठा बांधता येत नाही, वाऱ्याने उडतो, आणि वर कुणी भाव देत नाही.”

मी ऑफिसातून आणलेली पिशवी दाखवली. श्रेडरच्या बारीक पट्ट्या. काकांनी मूठभर हातात घेऊन सोडून दिल्या. “हा कचऱ्यातच जातो.”

मग माझा माल हाच! आधीच बारीक कापलेला, गिरणीला नकोसा, आणि एरवी ओल्या कचऱ्यात मिसळून वाया जाणारा. वर्तमानपत्रं, जुन्या वह्या, खोकी सगळी काकांना. चुरा आणि वह्यांच्या कडा कापलेल्या पट्ट्या माझ्या.

एक काळजी घ्यायची. दुकानातली आणि एटीएमची गुळगुळीत बिलं वेगळी काढा. नखाने ओरखडा काढला की काळी रेघ उमटते, ती उष्णतेने छापलेली. त्यांच्या थरात बिस्फेनॉलसारखी रसायनं असतात, ती लगद्यात हात घालून ढवळायची वस्तू नाही.

८ फेब्रुवारी

एक खेप मुद्दाम वर्तमानपत्राची केली, शाई निघते का बघायला. गिरण्यांत लगद्यात साबणासारखं द्रव्य घालून खालून हवा सोडतात, शाई फेसाला चिकटून वर येते आणि फेस काढून टाकतात. मी पातळ लगद्यात भांडी घासायच्या साबणाचा चमचा घातला आणि ताक घुसळायच्या रवीने घुसळलं. राखाडी फेस वर आला, तो झाऱ्याने काढला. असं सहा वेळा केलं. फेस शेवटी पांढुरका झाला, लगदा मात्र राखाडीचा नुसता फिकट राखाडी झाला.

लेझर प्रिंटवर हे अजिबात चालत नाही. टोनर ही शाई नव्हे, प्लॅस्टिकची पूड वितळवून कागदावर बसवलेली असते. मिक्सरमध्ये तिचे चपटे कण होतात आणि तावावर काळे ठिपके म्हणून राहतात. मला ते आता आवडायला लागलेत. ज्वारीच्या भाकरीवरच्या ठिपक्यांसारखे दिसतात.

वर्तमानपत्राच्या आधीच केलेल्या एका तावाचा अर्धा भाग झाकून खिडकीत ठेवला होता. वीस दिवसांत उघडा भाग पिवळा पडला. या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, ऊन लागलं की ते रंग बदलतं. टिकाऊ काही करायचं असेल तर वर्तमानपत्र नको.

१ मार्च

ज्या प्रयोगासाठी महिनाभर थांबले तो झाला. एकाच कागदाचा ताव केला, वाळवला, फाडून पुन्हा लगदा, पुन्हा ताव. तीन वेळा. मग प्रत्येक फेरीतली एक पट्टी एकाच घडीवर पुढे-मागे दुमडत गेले, तुटेपर्यंत. पहिल्या फेरीची पट्टी अडतीसाव्या घडीला तुटली. दुसरीची एकवीसला. तिसरीची नऊला, आणि तुटताना चर्र आवाजही आला नाही, नुसती भुगा होऊन सुटली.

तंतू एकदा वाळला की आतून आक्रसतो, परत भिजवला तरी पहिल्यासारखा फुगत नाही आणि शेजारच्या तंतूला घट्ट धरत नाही. शिवाय मिक्सरचं पातं दर वेळी तो तोडतं. म्हणूनच कागद पाच-सात वेळांच्या वर फिरवता येत नाही असं म्हणतात. घरच्या मिक्सरमध्ये तर तीनातच दम निघाला.

१५ मार्च

नवीन तंतू हवा होता म्हणून सुती चिंध्या. पुण्याच्या शिवाजीनगरातली हातकागद संस्था गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेने १९४० साली सुरू झाली. तिथल्या कागदाला हात लावला की कळतं, सुती तंतूची गोष्टच निराळी. आपल्याकडे हा वारसा त्याहून जुना आहे. जुन्नरचा कागद पेशवाईत नावाजलेला होता, आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं तर नावच या धंद्यावरून पडलंय.

आईच्या जुन्या सुती साडीच्या चिंध्या मिक्सरमध्ये टाकल्या आणि मोठी चूक केली. धागे पात्याभोवती दोरखंडासारखे गुंडाळले, मोटर गुरगुरली, जळका वास आला. बटण वेळेत बंद केलं म्हणून वाचलं. हे कुणी करू नका. चिंधी आधी नखाएवढी कापायची, धुण्याच्या सोड्यात तासभर उकळायची, स्वच्छ धुवायची आणि मग कुटायची. मी आजीचा दगडी खल काढला. दोन तास कुटल्यावर मूठभर लगदा झाला, पण पाण्यात सोडल्यावर तो ढगासारखा पसरला. संस्थांमध्ये याच कामाला बीटर असतो, आणि तो का असतो हे माझ्या खांद्यांना त्या रात्री कळलं.

चुऱ्याच्या लगद्यात पाचवा हिस्सा हा सुती लगदा घातला. घड्यांची परीक्षा घेतली: त्रेसष्ट!

२९ मार्च

लिहायचा प्रश्न राहिला होता. कच्च्या तावावर जेलपेन टेकवलं की शाई कोळ्याच्या जाळ्यासारखी फुटते. गव्हाच्या पिठाची पातळ खळ करून, किंचित तुरटी घालून, वाळलेल्या तावांवर ब्रशने दोन्ही बाजूंनी लावली. खळ जास्त झाली तर ताव वाळताना पापडासारखा वळतो, आणि मुंग्याही येतात. पुन्हा वाळल्यावर नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटला. जुने कागजी असेच घोटायचे. दहा मिनिटांत एका तावाला मंद चकाकी येते. हाताखाली तो बदलत जातो ते जाणवतं, सुरुवातीला गोटा अडखळतो, मग घसरायला लागतो.

सध्या ऊन कडक आहे, ताव दुपारपर्यंत वाळतात. जून लागला की हे सगळं बंद पडेल, बुरशी धरते. त्याआधी चुऱ्याच्या दोन पिशव्या संपवायच्यात.

काकांसाठी सोळा तावांची छोटी वही शिवली. त्यांच्या खिशातल्या जेलपेनानेच त्यांनी पहिल्या पानावर आठवड्याचा हिशेब लिहिला: पेपर, पुठ्ठा, वह्या, प्लॅस्टिक. मी वाकून बघितलं. शाई फुटली नव्हती.