रथामागची दिंडी

वारीचे फोटो पाहिले की गर्दी दिसते. माउलींच्या पालखीसोबत आळंदीहून निघालो तेव्हा मला जास्त जाणवली ती शिस्त. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेली ही घडी. रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला क्रमांक. आमची मागची. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंगी, वीणेकरी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. माझा टाळ तालात बसेना, म्हणून हातात पताका दिली. वाऱ्यात ती मनगटाला चांगलीच जड होते.

पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांबचा टप्पा, त्यात एकादशीचा उपास. वडकी सोडली की दिवे घाट लागतो. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, खाली मस्तानी तलाव दिसत राहतो. शहरी मंडळींना वारी म्हणजे हाच घाट वाटतो. चालणाऱ्याला मात्र घाट बरा, वारं तरी असतं. पाय बोलायला लागतात ते माथ्यावरून पुढे, सासवडपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर.

टाचेला फोड आला. दिंडीतल्या परभणीकडच्या आजींनी पिशवीतून सुई काढली.

“फोडू नका माउली. दोरा ओवायचा अन् तसाच आत राहू द्यायचा. पाणी झिरपून जातं.”

तसंच झालं.

मुक्कामाला समाजआरती होते. दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच धरून “हो” अशी आरोळी देतात आणि सगळं थांबतं. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे चालू राहतात. सासवडला आमच्यामागून चालणाऱ्या दिंडीचे टाळ थांबेनात. पाण्याचा टँकर पोचला नव्हता. चोपदार चालत गेले, ऐकून घेतलं, तेव्हा टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्याची यादी: चष्मा, पिशव्या, कोणाची तरी म्हातारी. उद्याची निघायची वेळ, आणि आरती. इतक्या कमी शब्दांत चालणारी सभा मी दुसरीकडे पाहिली नाही.

जेजुरीला भंडाऱ्याने सदरा पिवळा झाला, तो शेवटपर्यंत पिवळाच राहिला. वाल्ह्यानंतर नीरेत पादुकांना स्नान घालतात. गर्दीत मला पुढच्या माणसाची पाठच दिसली; तिलाच हात जोडले. नदी ओलांडली की सातारा जिल्हा, मग लोणंद.

चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्वांची दौड. अश्व येतात अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसरा माउलींचा, त्यावर कोणी बसत नाही. रांगांमधून ते दौडत गेले आणि टापांखालची माती घ्यायला झुंबड उडाली. रस्ता डांबरी, माती कितीशी मिळणार! लोक वाकून बोटाला लागेल ते कपाळी लावत होते, आजीही वाकल्या. चोपदारांनी हाका मारल्या तशा दिंड्या पुन्हा क्रमांकाने तरडगावच्या वाटेला लागल्या.