वायर तपासायची ती करंट वाहत असताना

मोटरसायकलचं वायरिंग तपासताना सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो एका समजुतीपायी: मल्टीमीटरवर १२ व्होल्ट दिसले, म्हणजे वायर चांगली. गंजलेल्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) १ ओहमचा रोध तयार झाला, तरी मीटर निमूटपणे १२.६ व्होल्टच दाखवतो, कारण तो स्वतः करंट ओढतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याच कपलरमागे ५५ वॉटचा हेडलाइट लागला की तो ओहम तीन-साडेतीन व्होल्ट खाऊन टाकतो आणि उजेड निम्म्याहून खाली येतो. कंटिन्युइटीचा, म्हणजे वायर सलग आहे का ते सांगणारा, बीप तर आणखी फसवा. २०-३० ओहम असले तरी बरेच मीटर खुशाल वाजतात. म्हणून बल्ब, हॉर्न, जे काही बिघडलंय ते चालू ठेवूनच मोजायचं.

त्याआधी बॅटरी. काही तास शांत पडलेली, पूर्ण चार्ज असलेली लेड-अॅसिड बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग वायरिंगकडे वळा. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या बरंच खाली जात असेल तर बॅटरीच संपत आलीय. टर्मिनलचे स्क्रू हाताने हलतात का तेही बघा. इतकं साधं कारण असेल असं कुणाला वाटत नाही आणि अर्धी गाडी उगाच उघडली जाते.

आता मुख्य काम. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, हेडलाइट चालू करा. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, काळा प्रोब बल्बच्या प्लस पिनवर. मीटर जो आकडा दाखवेल तो वाटेत हरवलेला व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. एक किंवा जास्त असेल तर लाल प्रोब तिथेच ठेवून काळा एकेक टप्पा मागे आणायचा: डिपर स्विच, मग हेडलाइटचा स्विच, इग्निशन स्विचची बाहेर जाणारी वायर, आत येणारी वायर, शेवटी फ्यूज. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम उतरतो, दोष तिथेच. अंदाजाने एकही पार्ट बदलावा लागत नाही, हीच या पद्धतीची खरी ताकद. प्रोब कपलरच्या मागच्या बाजूने, वायरला लागून आत सरकवायचा. वायरला टोचून भोक पाडू नका, त्या भोकातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांत तांबं हिरवं पडतं.

मायनसची बाजूही अशीच: एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरा बल्बच्या अर्थ (मायनसच्या) पिनवर. इथे ०.२ व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. खराब अर्थची लक्षणं विचित्र असतात, पण एकदा कळली की लांबूनही ओळखता येतात. इंडिकेटर लावला की टेल लाइटही त्याच्याबरोबर लुकलुकतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर अंधुक पेटतात. करंटला परत जायला नेहमीची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. फ्रेमवरचा अर्थचा बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी नाही, नंतर.

एक अपवाद लक्षात ठेवा. बऱ्याच जुन्या, छोट्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेट कॉइलच्या एसीवर चालतो. इंजिन बंद असताना तो पेटतच नाही, आणि चालू असताना डीसी रेंजवर मोजलं तर आकडे निरर्थक येतात. तिथे एसी रेंज लावायची. एलईडी इंडिकेटर बसवल्यावर ते भराभर लुकलुकत असतील तर तो वायरिंगचा दोष नाही, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) बदलावा लागतो.

वारंवार फ्यूज उडतो तेव्हा मोठा फ्यूज घालण्याचा मोह होतो. तो कृपा करून टाळा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. १० अँपिअरच्या जागी ३० चा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरच जळते, आणि तीही टाकीखाली. त्याऐवजी इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायर जोडा आणि फ्यूजच्या जागी लावा. शॉर्ट असेल, म्हणजे प्लसची वायर कुठेतरी बॉडीला टेकत असेल, तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, पण पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जात असल्यामुळे काही जळत नाही. आता त्या फ्यूजवरचे कपलर एकेक करून सुटे करा. ज्या क्षणी बल्ब मंद होतो किंवा विझतो, शॉर्ट त्याच फांदीवर आहे. कधीमधीच उडणाऱ्या फ्यूजसाठी हँडल डावी-उजवीकडे वळवा, हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवा, ब्रेक दाबा आणि बल्बवर नजर ठेवा. वायर सोलली जाण्याच्या जागा ठरलेल्या असतात: हँडलजवळची मान, टाकीखाली फ्रेमच्या कडेला घासणारा भाग, सीटखाली वायर चिमटली जाते ती जागा, मागच्या मडगार्डमधून टेल लाइटकडे जाणारी वायर. मानेजवळ कधी वरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं आणि आतलं तांबं तुटतं. अशी वायर हलकेच ओढली तर तुटलेल्या जागी रबरासारखी ताणली जाते.

चार्जिंग थोडक्यात. इंजिन ५००० आरपीएमच्या आसपास ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १५ च्या वर गेलं तर व्होल्टेज आटोक्यात ठेवणाऱ्या रेग्युलेटरवर संशय घ्या. १२.५ वरच अडकलं तर स्टेटर, म्हणजे इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल, तपासा: तीन पिवळ्या वायर असतील तर प्रत्येक जोडीत सारखाच, साधारण १ ओहमच्या आतला रोध, आणि एकाही वायरचा बॉडीशी संबंध नको. पण त्याआधी स्टेटर आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) यांच्यामधला कपलर उघडून बघा. १० अँपिअर करंटला तिथे ०.२ ओहमचा रोध मिळाला तर २० वॉट उष्णता तयार होते, म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी. काळवंडलेला, वितळलेला कपलर दिसला तर नुसता घासून परत लावू नका, टर्मिनलसकट बदला. सैल पडलेली पिन पुन्हा तापतेच.

दुरुस्ती करताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा आणि सगळ्यात शेवटी लावायचा. वायर कापल्यावर आतलं तांबं काळं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. जाडी मूळ वायरइतकी किंवा एक पायरी जास्त: इंडिकेटरला ०.५ चौरस मिमी, हेडलाइटला १. जोडासाठी सोल्डरपेक्षा योग्य पक्कडीने टर्मिनल दाबून केलेलं क्रिंप मला जास्त भरवशाचं वाटतं. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि कंपनामुळे त्या कडेलाच तार तुटते. चांगल्या टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात, एक तांबं पकडते आणि दुसरी वायरचं आवरण. दुसरी दाबायची राहिली की जोड टिकत नाही. वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. घरगुती चिकटपट्टीचा गोंद इंजिनच्या उष्णतेने सुटतो. शेजारशेजारच्या वायरींचे जोड एकाच जागी नकोत, आणि मानेजवळच्या वाकणात तर एकही नको.

सगळं बांधून झालं की इंजिन चालू करून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. आरपीएम बदलला तर अॅक्सलरेटरची केबल ताणली जातेय. दिवा लुकलुकला तर मानेजवळच्या हार्नेसला ढील कमी पडलीय. मग हेडलाइट, ब्रेक आणि इंडिकेटर एकदम लावून बॅटरी ते बल्ब वाटेत हरवणारा व्होल्टेज पुन्हा एकदा मोजा.