माहीमची नोव्हेना आणि शेजारची प्रार्थना
आज बुधवार असल्यामुळे माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे सलग नऊ बुधवार करायच्या मेरीमातेच्या प्रार्थनेला, नेहमीसारखीच गर्दी होती, आणि १९४८ पासून चालत आलेल्या या प्रार्थनेला अन्यधर्मीयही मोठ्या संख्येने येतात. माझ्या शेजारच्या नऊवारीतल्या आजींनी डोळे मिटून हलक्या आवाजात विठ्ठलाचे नाव घेतले, तेव्हा रोझरी जपणाऱ्या बाईंनी सरकून त्यांना बाकावर जागा करून दिली.

प्रार्थनेने मागितलेले मिळतेच असे नाही. पण मनावरचे ओझे कुणापुढे तरी उतरवल्यावर उद्याला सामोरे जाण्याचे बळ येते, आणि श्रद्धा टिकते ती बहुधा याच सवयीवर. यावरून सगळे धर्म एकच आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. ख्रिस्ती माणसाची येशूवरची श्रद्धा, मुसलमानाची एकेश्वरनिष्ठा आणि वारकऱ्याची भक्ती यांत खरे भेद आहेत, आणि ते पुसून टाकण्यापेक्षा नीट समजून घेणे मला अधिक आदराचे वाटते. जवळच्याच सूफी संत मखदूम अली माहिमींच्या दर्ग्यावर उरुसाची पहिली चादर मुंबई पोलीस चढवतात, ही परंपराही मला म्हणूनच मोलाची वाटते. ज्यांना प्रार्थनाच नको असते, त्यांना कुणी हात जोडायला लावू नये. राज्यघटनेच्या २५ व्या कलमातले सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य त्यांचेही आहे.