पदरवाडीचा बेल

श्रावणातला तिसरा सोमवार. नेरळहून कशेळेमार्गे टेम्पोत उभ्यानं खांडसला पोचलो, तेव्हा अजून उजाडायचं होतं. शिडी घाटातल्या शिड्या पावसात नकोत म्हणून गणेश घाटानं भीमाशंकरला निघालो. पुढच्या पोरांनी स्पीकरवर गाणी लावलेली. 'हर हर महादेव' म्हणायला तोंड उघडावं तर ते ढणढण मध्ये. वहिनींनी दोनदा सांगितलं, ऐकतंय कोण! त्यात उपास, ओल्या चपला आणि डाव्या टाचेला फोड.

पदरवाडीच्या पठारावर येईस्तोवर तो फुटला. धुक्यात चार घरं दिसली, कडेला नाचणी. पहिल्या पडवीत न विचारताच बसले. आजी बाहेर आल्या, पाय बघितला, आत गेल्या. चूल फुंकल्याचा आवाज आला. कोमट खोबरेल आणि जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन त्या खालीच बसल्या. आधी फुंकर, मग तेल, पुन्हा फुंकर. सासूबाईंच्या पायांना रोज मी तेल लावते. माझ्या पायाला असं कुणी कधी लावलं, आठवेना.

"आजी, राहू द्या, पायाला हात नका लावू."

"गप बस. देवाला चाललीस ना?"

कोरा चहा आला. वाडीला गाडीरस्ता नाही, मीठ-तेलसुद्धा खालून डोक्यावर आणायचं. त्यातली चिमूटभर साखर माझ्या कपात पडली होती. पैसे काढले तर त्यांनी माझी मूठ दाबून बंद केली. मग परसातनं बेलाचं एक पान आणलं, ओलं, तिन्ही दळं अखंड.

"गुडघ्यानं दोन वर्सं वर जाया झालं नाही. माझा म्हणून वाहा."

पुढचा चढ रानातून. शेकरू दिसलं नाही, नागफणीचं टोक धुक्यात. वर तीन तास रांग. चिमाजी अप्पांच्या 1739च्या वसई मोहिमेतली घंटा, नाना फडणवीसांचं शिखर, सगळं छत्र्यांच्या आडून पाहिलं. गाभाऱ्यात मागून असा रेटा आला की हात जेमतेम एकदा पुढे गेला. हातात आजींचं पान होतं. माझा बेल पिशवीत राहिला.

उतरताना काळोख पडत आला होता. आजी पडवीतच होत्या.

"वाहिलंस?"

"पिंडीशीच वाहिलं, आजी."

त्यांनी वर डोंगराकडे हात जोडले. मग कंदील जवळ ओढला नि म्हणाल्या, "टाच दाव."