व्हिटसंडेजमध्ये नांगर टाकण्याआधी

व्हिटसंडेज हा ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधला बेटांचा समूह. तिथे जायला एअर्ली बीचला शिडाची बोट भाड्याने मिळते आणि स्वतः चालवायला वेगळा परवाना लागत नाही. निघण्याआधी सगळं नीट शिकवतात. त्यातला बराच वेळ नांगरावर गेला, आणि माझ्या मते तो आणखी जायला हवा.

२८ मार्च २०१७ ला डेबी चक्रीवादळ इथे धडकलं. हुक बेटाच्या उत्तरेला मँटा रे बेमध्ये लाटांनी प्रवाळाचे मोठमोठे गोळे उचलून किनाऱ्यावर फेकले होते. पुढे यंत्रं आणून ते परत पाण्यात ढकलले गेले, कारण प्रवाळाच्या अळीला चिकटायला न हलणारा, टणक आधार लागतो. सुट्या तुकड्यावर ती बसलीच, तर तुकडा उलटला की संपलं. मास्क लावून पाण्यात उतरलो तेव्हा एका काळपट दगडाच्या कडेला तळहाताएवढं, फांद्या फुटलेलं कोवळं प्रवाळ दिसलं. टोकं फिकट जांभळी. इतकं नाजूक, की पायातल्या फिनचा एक फटका पुरे. मी हात छातीशी घेऊन तरंगत राहिलो.

नांगर एका जागी रुततो. खरी नासाडी त्याची साखळी करते. इथे भरती-ओहोटीत तीन मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणून साखळी भरपूर सोडावी लागते. वारा फिरला की बोट फिरते आणि ती सगळी लांबी तळावरून घासत जाते. यासाठीच खाड्यांमध्ये सार्वजनिक निळे बोये, म्हणजे नांगर न टाकता बोट बांधायचे तरंगते गोळे, ठेवलेत. बोयावरचा रंगीत पट्टा किती लांबीची बोट चालेल ते सांगतो. पांढरे, पिरॅमिडच्या आकाराचे बोये दिसले, तर त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या किनाऱ्याकडच्या बाजूला नांगर टाकायचा नाही.

नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात मासेमारी बंद असते, तेही मनापासून पाळा. पोपटमासे शेवाळ खरवडून खातात, तेव्हाच नव्या प्रवाळाला जागा मिळते. अंगाला सनस्क्रीन फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट बरा. प्रवाळ खाणारा काटेरी क्राउन ऑफ थॉर्न्स तारामासा किंवा पांढरं पडलेलं प्रवाळ दिसलं, तर ‘आय ऑन द रीफ’ अॅपवर फोटो टाका. मरीन पार्कच्या माणसांना प्रत्येक खाडीत रोज जाता येत नाही, आपण तिथे असतोच.

आणि मुक्कामाला लवकर पोहोचा. ऊन कललं की पाण्यावर नुसती चकाकी उरते, वाळू कुठली नि प्रवाळ कुठलं ते कळत नाही, आणि घाईत नांगर पडतो. एका खाडीत आम्ही गेलो तेव्हा सगळे बोये दुसऱ्या बोटींनी घेतलेले होते, पण सूर्य अजून वर होता. पोलराइज्ड चष्मा लावून एक जण पुढच्या टोकाला उभा राहिला, फिकट वाळूचा पट्टा सापडेपर्यंत आम्ही सावकाश बाहेर सरकत गेलो. नांगर टाकल्यावर पाण्यात उतरून साखळी शेवटपर्यंत बघून आलो, बोट फिरेल तो सगळा घेरही पाहिला. मगच इंजिन बंद केलं.