एका पानावर मुख्य फोटो एकच

घरातल्या फोटोंची स्क्रॅपबुक करायला बसलेले बहुतेक जण पहिल्याच पानावर मावतील तितके फोटो बसवू पाहतात. त्यामागची माया मला पूर्ण समजते, कारण लग्नातला एखाद्या काकांचा फोटो गाळणे म्हणजे काकांनाच गाळल्यासारखे वाटते. तरीही पाहणाऱ्याची नजर पानावर प्रथम कुठे पडावी, हे ठरल्याशिवाय डिंकाला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

साधा हिशेब करून पाहा. स्क्रॅपबुकचे प्रचलित पान 12 बाय 12 इंचांचे असते आणि स्टुडिओतून मिळणारी नेहमीची प्रत 4 बाय 6 इंचांची. अशा सहा प्रती शेजारी शेजारी लावल्या की पान काठोकाठ भरते. समास, नावे, तारीख यांपैकी कशालाही जागा उरत नाही. म्हणून एका पानावर तीन फोटो, फार तर चार, आणि त्यांतला एकच आकाराने मोठा, हे प्रमाण मला योग्य वाटते.

आमच्या बेळगावच्या शिवजयंतीचे उदाहरण घेते. वैशाख शुद्ध द्वितीयेच्या उत्सवातील चित्ररथ मिरवणुकीचे फोटो मांडायला सर्वांत अवघड, कारण त्यांत गर्दी, दिवे, भगवे झेंडे आणि अंधार हे सगळे एकदम येते. समजा, आपल्याकडे चित्ररथाचा एक, लेझीम पथकाचा एक आणि मावळ्याच्या वेशातील भाच्याचा एक असा फोटो आहे. चित्ररथ भव्य असला तरी मी भाच्याला प्रमुख करीन, कारण गर्दीच्या चित्रात डोळा भटकतो आणि चेहऱ्यावर तो थांबतो. त्याची 5 बाय 7 इंचांची उभी प्रत काढावी. पानाचे आडवे आणि उभे तीन-तीन समान भाग कल्पावेत आणि डावीकडून 4 व वरून 4 इंचांवर जिथे रेषा छेदतात, त्या बिंदूच्या आसपास त्याचा चेहरा येईल अशी प्रत ठेवावी. उरलेले दोन फोटो थोडे कापून उजवीकडे एकाखाली एक लावावेत, सर्व फोटोंमध्ये पाव इंचाचे सारखे अंतर राखावे आणि खालची मोकळी पट्टी मजकुरासाठी सोडावी.

या मांडणीत भाचा उजवीकडे पाहत असला पाहिजे. तो डावीकडे पाहत असेल, तर त्याच्याबरोबर आपलीही नजर पानाबाहेर जाते. अशा वेळी काही जण संगणकावर फोटो आरशातल्यासारखा उजवा-डावा उलटा करतात. तसे मुळीच करू नये, कारण मावळ्याची तलवार डाव्या हातात जाते आणि मागच्या फलकावरची अक्षरे उलटी होतात. त्याऐवजी संपूर्ण मांडणीच उजवी-डावी बदलावी. पार्श्वभूमीला भगवा कागद घेण्याचा मोहही टाळलेला बरा. झेंड्यांचा भगवा कागदाच्या भगव्यात विरून जातो. करड्या किंवा गडद निळ्या कागदावर तोच झेंडा उठून दिसतो.

जुन्या फोटोंच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. अग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यांतून निघालेल्या 6 बाय 6 सेंटिमीटरच्या चौकोनी कृष्णधवल प्रती अनेक घरांत आहेत. त्यांची पांढरी किनार कापू नये. ती त्या काळाचीच खूण आहे. पार्श्वभूमी छाटतानाही दहा वेळा विचार करावा. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या एखाद्या विणकर कुटुंबाच्या फोटोत कडेला अर्धवट दिसणारा हातमाग नीटनेटकेपणाच्या नादात कापला गेला, तर त्या घराचा व्यवसायच पानावरून नाहीसा होतो. छोटी प्रत मोठी हवी असेल तर ती 600 डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन करून 300 डीपीआयवर छापावी. स्पष्टता टिकून लांबी-रुंदी दुप्पट होते. मूळ प्रत जपून ठेवून पानावर नवी प्रत लावणे सर्वांत सुरक्षित. मूळच लावायची असेल, तर ती डिंकाने न चिकटवता कागदी कोपऱ्यांत अडकवावी, म्हणजे मागचा स्टुडिओचा शिक्का आणि आजोबांच्या अक्षरातली तारीख केव्हाही पाहता येते.

आपल्याकडच्या पावसाचाही विचार मांडणीतच करावा लागतो. खानापूर, जांबोटीच्या बाजूला पावसाळाभर भिंतींना ओल असते आणि समोरासमोरची दोन पाने मिटली की त्यांवरचे फोटो एकमेकांना चिकटू शकतात. म्हणून आम्लविरहित पातळ कागद दोन पानांच्या मध्ये घालावा. चिकट पाने आणि वर प्लॅस्टिक असलेले तयार अल्बम दिसायला सोयीचे असले, तरी त्यांतला गोंद काळानुसार पिवळा पडतो आणि फोटो सोडवताना फाटतो.

सगळे फोटो पानावर नुसते मांडून, काहीही न चिकटवता, घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा दाखवावेत. मागच्या रांगेत अर्धा चेहरा दिसणारी बाई कोणाची सून, हे आत्याच सांगू शकते, आणि ते नाव लिहिण्यासाठी खालची पट्टी तेव्हा मोकळी असली पाहिजे.