धोट्याचा कॅपो: पहिली तार अखेर वाजली

काल रात्री घरी केलेला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून सूर वर चढवणारी पट्टी, गिटारच्या तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरची, नेकवरची, धातूची आडवी पट्टी) लावला आणि सहाच्या सहा तारा स्वच्छ वाजल्या. बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता, तरी पहिली, सगळ्यात बारीक तार ऐकू आली. तीन आठवडे हिनेच झोप उडवली होती.

याआधी मी पेन्सिल आणि रबरबँडचा कॅपो करून बघितला होता. त्यानंतर बांबूची पट्टी करून बघितली, ती चिरली. यावेळचं लाकूड मात्र आमच्या बेळगावच्या वडगावातच मिळालं. शेजारच्या विणकर मामांकडे हातमागाचा फुटका धोटा, म्हणजे धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी ठोकळा, पडून होता. “घेऊन जा की, आता काय करायचंय त्याचं?” म्हणाले. धोट्याचं लाकूड टणक, आणि वर्षानुवर्षं सुतावरून पळून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. त्यातून ६० मि.मी. लांबीची पट्टी कापली, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, आणि ट्यूबचाच पट्टा नेकमागून ओढून छोट्या खिळ्यात अडकवला.

मधल्या ‘डी’ आणि ‘जी’ या तारा लगेच बोलल्या. कडेच्या दोन्ही तारा मात्र खरखरत होत्या, त्यातही पहिली तर नुसती टक्‌टक्‌. पट्टा एक भोक आवळला, तर मधल्या तारा १८ सेंट वर चढल्या. सेंट हे सुरातला फरक मोजायचं माप; शंभर सेंटचा एक फ्रेट, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा बेसूर! आमच्या भजनी मंडळाची पेटी काळी दोनला असते. मी सी पट्टीच्या कॉर्डचे आकार धरतो आणि तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावतो, की नेमकी काळी दोन मिळते. पेटीशेजारी १८ सेंट लपत नाहीत. काकू भजन थांबवून माझ्याकडे बघतात.

दोन दिवस मी रबरालाच दोष देत होतो. मग स्टीलची पट्टी फ्रेटवर आडवी धरून उजेडात बघितलं. मध्ये टेकते, कडेला फट! माझ्या फ्रेटबोर्डची (फ्रेट बसवलेल्या लाकडी पाटाची) गोलाई १२ इंच त्रिज्येची आहे. तिसऱ्या फ्रेटवर पहिल्या आणि सहाव्या तारेत साधारण ४० मि.मी. अंतर, म्हणजे मधला भाग कडेपेक्षा सुमारे ०.६ मि.मी. उंच. पहिली तार मुळात ०.३ मि.मी. जाड. तिच्या दुप्पट फट सरळ पट्टी कशी भरून काढणार? क्लासिकल गिटारचा फ्रेटबोर्ड सहसा सपाट असतो, त्यांना ही अडचण नाही.

उपाय फ्रेटबोर्डनेच दिला. तारा सैल करून बाजूला सारल्या, १२० नंबरचा पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून फ्रेटवर पसरला आणि रबर काढलेली पट्टी आडवी धरून नेकच्या लांबीच्या दिशेने घासत राहिलो. वीसेक मिनिटांत पट्टीच्या पोटाला तंतोतंत तीच गोलाई आली. शेवटचा हात २२० चा. पेपर चांगल्या कंपनीचाच घ्या. हलक्या पेपरची वाळू दहा मिनिटांत झडते.

तरीही पहिली तार दबकीच. रबर परत लावताना ट्यूबचे दोन थर दिले होते, त्या मऊपणात बारीक तार रुतत होती. एक थर काढला आणि ती खणखणीत वाजली. आता ‘जी’ची तार फक्त ५ सेंट वर आहे, ट्यूनिंगमध्ये तेवढं सावरता येतं. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे, चिकटून लावायचा, हे मात्र विसरू नका.

उरला तो पट्टा. तो एका बाजूने ओढला जातो, त्यामुळे पट्टी तिरकी सरकते. उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडून बोल्ट आणि फुलपाखरू नट बसवून घ्यायचं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिताच वेगळं सुचलं. स्पेनमधले फ्लॅमेंको वादक लाकडी कॅपो वापरतात, त्यात मधोमध एक खुंटी असते आणि दोरी तिच्यावर गुंडाळून ताण देतात. खुंटी म्हटल्यावर आपल्याला सतार-तंबोरे बनवणारं मिरज किती लांब? तंबोऱ्याची खुंटी मोठी पडेल, सतारीच्या तरफेची (मुख्य तारांखालच्या बारीक तारांची) बारीक खुंटी मात्र बसेल. नट रद्द. रविवारी सकाळच्या गाडीने मिरजेला जातो. तोवर खुंटीचं भोक पट्टीत नेमकं कुठे पाडायचं, ते पुठ्ठ्यावर कापून बघतो.